चेतासंस्था आणि तिच्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली ही मुलं पाचवीत इंग्रजीकडे वळतात. अकरावीत न्यूरॉनची आकृती ती बिनचूक काढतात, पण घरी आजीने "माझ्या पायाची शीर कशाने धरते रे?" म्हणून विचारलं की गप्प बसतात. आकृतीतला न्यूरॉन आणि आजीची शीर यांची गाठ कुणी घालूनच दिलेली नसते. खालचे प्रश्न या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. आधी सोपे घेतले आहेत, पुढे अडचणीचे. इथे कुणाच्या दुखण्याचं निदान मिळणार नाही. त्यासाठी डॉक्टरच गाठायला हवेत.

१. आम्ही 'शीर धरली', 'नस चढली' असं म्हणतो. शीर, नस, स्नायू, मज्जातंतू, चेता हे सगळं एकच का?

नाही. अर्धा गोंधळ या शब्दांतच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हाताच्या पाठीवर निळसर दिसते ती शीर म्हणजे रक्तवाहिनी. ती आतून पोकळ असते आणि तिच्यातून रक्त वाहतं. टाचेच्या मागे बोटांना ताठ लागते ती 'शीर' म्हणजे कंडरा. पोटरीच्या स्नायूला ती टाचेच्या हाडाशी बांधते. रात्री पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली' म्हणतात, पण तिथे कशावर काही चढलेलं नसतं. स्नायू आकसतो आणि काही वेळ सुटत नाही, एवढंच. 'कंबरेत शीर दबली आणि कळ पायापर्यंत गेली' असं कुणी म्हणतं तेव्हा मात्र ती बहुतेक वेळा खरोखर चेता असते.

चेता दिसायला पांढरट दोरीसारखी असते. ती पोकळ नसते, तिच्यात कुठलाही द्रव वाहत नाही. तिच्यात हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. 'मज्जातंतू' हा तिचाच जुना शब्द. मज्जा म्हणजे मूळात हाडाच्या आतला मगज, त्यामुळे 'मज्जारज्जू' वाचून लोक त्याचा संबंध बोन मॅरोशी जोडतात. हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यापायी काही जण बोन मॅरो द्यायला घाबरतात. पाठीच्या कण्यातली दोरी काढून घेतील असं त्यांना वाटतं. अस्थिमज्जा रक्तपेशी बनवते. ती दात्याच्या नितंबाच्या हाडातून घेतात किंवा तिच्यातल्या मूळ पेशी रक्तातून वेगळ्या करतात. मज्जारज्जूला कुणी हातही लावत नाही. म्हणून या पानावर मी 'मेरुरज्जू' हाच शब्द वापरला आहे.

राहिला स्नायू. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत 'स्नायु' म्हणजे चेता. हिंदी वाहिनीवरचा आरोग्याचा कार्यक्रम बघताना हे ध्यानात ठेवा.

२. चेतासंस्थेत नेमके कोणते भाग येतात?

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यातून निघून अंगभर पसरलेल्या चेता म्हणजे परिघीय चेतासंस्था: मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१. परिघातलाच एक हिस्सा आपल्या इच्छेबाहेर चालतो. हृदयाची गती, घाम, आतड्यांची हालचाल, डोळ्यांच्या बाहुल्या हे सगळं त्याच्याकडे असतं. त्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. शरीराच्या वजनाचा हा जेमतेम पन्नासावा भाग, पण आपण घेतो त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के त्याला लागतो. मेंदू आणि मेरुरज्जू तीन आवरणांत गुंडाळलेले असतात आणि भोवती सुमारे १५० मिलिलीटर मेरुद्रव असतो. दिवसाला साधारण अर्धा लीटर मेरुद्रव नव्याने तयार होतो आणि तितकाच रक्तात परत जातो.

३. चेता आणि चेतापेशी यांत फरक काय?

चेतापेशी ही एक पेशी. चेता म्हणजे अशा हजारो पेशींच्या लांब तंतूंची आवरणात बांधलेली जुडी. नुसत्या डोळ्यांनी चेता दिसते, सुटी चेतापेशी दिसत नाही.

पेशीला तीन भाग असतात. मधोमध पेशीकाय, त्यात केंद्रक. त्याभोवती फांद्यांसारख्या वृक्षिका, ज्या इतर पेशींचे निरोप घेतात. आणि एक लांब अक्षतंतू, जो निरोप पुढे नेतो. पुस्तकातल्या आकृतीत हा अक्षतंतू बोटभर दिसतो, आणि तिथेच फसगत होते. पायाचा अंगठा हलवणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या पेशीचा पेशीकाय कंबरेच्या पातळीवर मेरुरज्जूत असतो आणि तिचा तंतू थेट खाली पावलात उतरतो, जवळजवळ एक मीटर. पेशीकाय मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा नसतो. तो न सोललेल्या नारळाएवढा धरला, तर अक्षतंतू होईल काथ्याचा एक दोर, पणजीच्या फेरीधक्क्यापासून पार मिरामारच्या वाळूपर्यंत पोचणारा. एवढ्या लांब दोराला लागणारी प्रथिनं बहुतेक सगळी त्या नारळातच तयार होतात आणि दोराच्या आतून वाहून न्यावी लागतात. ही वाहतूक लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये तिचं काम पडेल.

४. मेंदूत चेतापेशी किती? दहा हजार कोटी म्हणतात ते खरं का?

तो आकडा पुष्कळ वर्षं पुस्तकांतून फिरला, मीही शिकवला. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीचा एकजीव द्रव करून त्यातली केंद्रकं मोजली. चेतापेशी सरासरी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी. जास्त चकित करते ती त्यांची वाटणी: विचार, भाषा, आठवण यांच्यासाठी आपण ज्याचं कौतुक करतो त्या प्रमस्तिष्काच्या बाह्यपटलात सुमारे १,६०० कोटी, तर डोक्याच्या मागे खाली दडलेल्या छोट्या अनुमस्तिष्कात तब्बल ६,९०० कोटी. तोल आणि हालचालींचा मेळ तिथे राखला जातो. फेणी जास्त झाली की पाय लटपटतात आणि जीभ अडखळते, त्यात या अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो.

५. बाकीच्या पेशींना 'ग्लिया' म्हणजे गोंद म्हणतात. त्या नुसत्या चिकटवायला आहेत का?

१८५६ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी हे नाव दिलं तेव्हा तसंच वाटत होतं. ते नाव आता अपुरं आहे. ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात हेही चूक ठरलं. वरच्याच मोजणीत त्या साधारण बरोबरीने निघाल्या. परीक्षेत या पेशींवर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि मुलं त्या वगळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चेतासंस्थेचे कितीतरी आजार मूळात या पेशींचे असतात.

ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट मेंदूतल्या केशवाहिन्यांभोवती आपले पाय टेकवून बसतात. त्या चेतापेशींना खाद्य पुरवतात, सांडलेली रसायनं उचलतात, आणि रक्तातलं काय मेंदूत शिरू द्यायचं ते ठरवणारा रक्त-मेंदू अडसर टिकवायला मदत करतात. मायक्रोग्लिया पहारेकरी, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. त्या मेंदूत जन्मत नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक पिशवीतून येऊन तिथे वस्ती करतात. मेंदूतल्या पोकळ्यांना आतून अस्तर असतं एपेन्डिमल पेशींचं.

अक्षतंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण चढवणाऱ्या पेशी दोन जातींच्या. मध्यवर्ती भागात ऑलिगोडेंड्रोसाइट. एकच पेशी अनेक तंतूंना हात पुरवते. परिघात श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही). एक पेशी एकाच तंतूचा एकच तुकडा गुंडाळते. हा फरक प्रश्न १० आणि ११ मध्ये निर्णायक ठरतो. कुष्ठरोगाचे जंतू याच श्वान पेशींत घर करतात. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी ते शोधले. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा उठतो आणि कोपरामागची चेता जाड होऊन हाताला लागते, ती यामुळेच. औषधांनी हा आजार पूर्ण बरा होतो. बधिर चट्टा लपवण्यात जे दिवस जातात, तेवढं चेतांचं नुकसान वाढतं.

६. चेतेतून वीज वाहते का? मग शॉक का बसत नाही?

विद्युत बदल होतो, पण तारेतल्यासारखा नाही. आपल्या खाजन शेताची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताची, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) आठवा. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत कमी खारं, मधे दार. चेतापेशीचंही असंच असतं: बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टनी ऋण. पुरेसा धक्का मिळाला की पेशीपटलातली सोडियमची दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतो. तिथला विद्युतभार उलटतो, आणि त्या बदलानेच शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. पुढे जाते ती दारं उघडण्याची लाट. एका जागी हा खेळ हजारांश सेकंदात आटपतो. पुन्हा सोडियम बाहेर काढायला पंप अखंड चालू असतात, आणि मेंदूच्या इंधनाचा मोठा हिस्सा त्यातच जातो.

मायलिनचं वेष्टण असलं तर लाट मधल्या उघड्या फटींवरून उड्या मारत जाते, जाड तंतूत सेकंदाला १२० मीटरपर्यंत. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत ती सेकंदाला मीटर-दोन मीटरच सरकते. चिऱ्याला पायाचा अंगठा ठेचकाळला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि सेकंदभराने खोल, ठणकणारी वेदना येते. ठेच एकच, पण ती दोन वेगवेगळ्या तंतूंतून वर पोचते.

७. दोन चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या असतात की सुट्या?

बहुतेक ठिकाणी सुट्या. या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी संपूर्ण काळ्या रंगवायची रीत शोधली. त्यांच्या मते सगळी चेतासंस्था हे एक सलग जाळं होतं. त्यांचीच रीत वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि आपल्या भाषणात गोल्जींनी काहाल यांच्या सिद्धांतालाच विरोध केला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मधली फट प्रत्यक्ष दिसली आणि काहाल बरोबर ठरले.

या जागेला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात. फट मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-चार पटींएवढी असते. तंतूच्या टोकाशी पोचलेली लाट तिथल्या पिशव्यांतलं रसायन फटीत सोडते आणि पलीकडची पेशी ते ओळखते. अपवादही आहेत: काही पेशींमध्ये थेट नळ्यांनी जोडलेले विद्युत संपर्क असतात, म्हणजे गोल्जींचं म्हणणं तेवढ्यापुरतं उरलंच.

८. तापलेल्या तव्याला हात लागला की झटकन मागे येतो. हे मेंदू ठरवतो का?

नाही, मेरुरज्जू ठरवतो. त्वचेतला निरोप मेरुरज्जूत शिरतो, मधल्या पेशींमार्फत हालचालीच्या पेशींना जातो, आणि 'भाजलं' हे मेंदूला कळेपर्यंत हात निघालेला असतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हाची वाट याहून छोटी. तिथे मधली पेशीच नसते, एकच सिनॅप्स. पण मेंदू या क्रियेला रोखू शकतो. गरम पेजेचं भांडं हातात आहे आणि पायाशी पोर खेळतंय, तर चटके सोसूनही आपण भांडं टाकत नाही. तो हुकूम वरून आलेला असतो.

९. मिरचीचा तिखटपणा ही चव आहे की वेदना?

वेदनेच्या आणि उष्णतेच्या तंतूंनी दिलेला निरोप आहे. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता ओळखणारं एक दार त्या तंतूंच्या टोकांवर असतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उघडतं, म्हणून खोला मिरचीचं जेवण थंड झालं तरी तोंड पोळतं. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलचा वाटा मिळाला. चवीचे निरोप वेगळ्या चेतांनी जातात. म्हणून तिखट हाताने डोळा चोळला तर डोळाही पेटतो, तिथे चवीच्या कळ्या नसूनही.

१०. तुटलेली चेता पुन्हा जुळते का? मग कण्याला मार लागलेला माणूस चालू का लागत नाही?

समजा नारळ सोलताना कोयता मनगटावर बसला आणि चेता तुटली. पेशीकाय वर मेरुरज्जूपाशी सुखरूप असतो, तुटतो तो फक्त तंतू. पलीकडचा तुकडा विरघळून जातो, पण श्वान पेशी जागेवर राहून पोकळ वाट धरून ठेवतात आणि वाढीला पोषक द्रव्यं सोडतात. तिच्यातून तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगट ते बोटाचं टोक म्हणजे सहा महिने. त्यासाठी तुटलेली टोकं समोरासमोर आणून शिवावी लागतात. उशीर झाला तर वाट बुजते.

मेंदू आणि मेरुरज्जूत हे होत नाही. तिथल्या वेष्टणात तंतूची वाढ अडवणारे पदार्थ असतात आणि जखमेवर ॲस्ट्रोसाइट व्रण तयार करतात. चेतापेशी विभागून नव्याही होत नाहीत. ठळक अपवाद नाकातला: वास घेणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने येत राहतात. प्रौढ माणसाच्या मेंदूत आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी होतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

११. मेंदूतून निघणाऱ्या बाराही चेता परिघीय असतात ना?

परीक्षेत तसं लिहिलं तरी गुण मिळतात, पण दुसरी जोडी, म्हणजे दृष्टीची चेता, त्यात बसत नाही. ती गर्भात मेंदूचाच फाटा म्हणून वाढते, मेंदूची आवरणं तिच्यावर असतात आणि तिचं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट घालतात. त्यामुळे तुटली तर ती परत वाढत नाही (कारण प्रश्न १० मध्ये), आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मध्यवर्ती मायलिनवर हल्ला होतो तेव्हा पहिला त्रास कित्येकदा डोळ्याला होतो. याच डोळ्याच्या पडद्यात अमाक्राइन नावाच्या पेशी असतात, ज्यांतल्या बहुतेकींना अक्षतंतूच नसतो. प्रश्न ३ मधली आकृती त्यांना लागू पडत नाही.

१२. कुत्रा पायाला चावला तर धोका कमी आणि तोंडाला चावला तर जास्त, असं का?

रेबीजचा विषाणू मेंदूकडे चेतांतून जातो. अक्षतंतूतल्या वाहतुकीला उलटी बाजूही असते, टोकाकडून पेशीकायाकडे. विषाणू त्या गाडीत बसतो. चेहऱ्यापासून मेंदू जवळ, पावलापासून लांब, म्हणून चेहऱ्याच्या चाव्यात वेळ कमी मिळतो. पाय चावला म्हणून थांबायचं मात्र अजिबात नाही. हा प्रवास चालू असतानाच लस उपयोगी पडते. लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

१३. सिझेरियनला पाठीत इंजेक्शन देतात, ते मेरुरज्जूला टोचत नाही का?

नाही. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्याखाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधे घालतात. तिथे मेरुद्रवात तरंगणाऱ्या चेतामुळांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो आणि ती मुळं सुईपुढून सहसा बाजूला सरकतात.

१४. पणजीत आबे फारियांचा पुतळा आहे. हातांतून चेताशक्ती बाहेर टाकून माणसाला झोपवता येतं का?

जुन्या सचिवालयाशेजारच्या त्या पुतळ्याचे पसरलेले हात बघून मुलांना हा प्रश्न पडतोच. उत्तर खुद्द फारियांनीच दिलेलं आहे, आणि ते गोमंतकीय म्हणून मला ते सांगायला विशेष आवडतं. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या फारियांनी पॅरिसमध्ये ठासून सांगितलं की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीही बाहेर पडत नाही; जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. झोपवणाऱ्याच्या अंगातून अदृश्य प्रवाह जातो असं मानणाऱ्या मेस्मर या वैद्याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'च्या विरुद्ध ही भूमिका होती. प्रश्न ६ मधली लाट पेशीपटलापाशीच असते. लाखो पेशींचा एकत्रित परिणाम डोक्याच्या त्वचेवर मोजता येतो, तोही व्होल्टच्या लाखाव्या भागांत. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, दिसतो तो हाच.

१५. जाळ्यात येणारा केंड मासा विषारी म्हणतात. माणूस लुळा पडतो पण शुद्धीवर राहतो, हे कसं?

केंडाच्या अनेक जातींत, विशेषतः यकृतात आणि गाबोळीत, टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. ते सोडियमची दारं बाहेरून बंद करतं. दार उघडलं नाही तर लाट नाही, म्हणून आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदयातली सोडियमची दारं थोड्या वेगळ्या घडणीची असल्याने या विषाला बरीच दाद देत नाहीत. मेंदूत हे विष रक्त-मेंदू अडसरामुळे सहज शिरत नाही. त्यामुळे त्या माणसाला सगळं ऐकू येत असतं, फक्त बोलता-हलता येत नाही. त्याच्या उशाशी बोलताना हे ध्यानात असू द्या. शिजवून किंवा तळून हे विष जात नाही आणि त्यावर उतारा नाही. विष शरीराबाहेर जाईपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवणं हाच उपाय, म्हणून ओठ बधिर झाल्याबरोबर रुग्णालयाकडे निघायचं.